धुवणातल्या पेशी

“बाकीच्या पेशी कुठे गेल्या?”

“कुठल्या बाकीच्या?” अश्लेषा बिडवेचा आवाज चढला.

तिचे गाईड तांडेल सर सूक्ष्मदर्शकाखालची काच सरकवत राहिले.

तीन वर्षं ती एका रानमुळीच्या अर्कावर काम करत होती. पेशींवर पेरॉक्साइड टाकलं की आतला डीएनए तुटे. मग अर्क घालायचा आणि तासाभराने पाहायचं, किती सांधला गेला. पेशी काचेवरच्या जेलमध्ये बसवून वीज सोडली, की तुटलेले धागे बाहेर ओढले जात आणि पेशीला धूमकेतूसारखं शेपूट फुटे. मोडतोड जितकी जास्त, तितकं शेपूट लांब. तिच्या काचांवर तासाभरानंतर शेपटं जवळजवळ नाहीशी झाली होती. सोमवारी ती हे परिषदेत मांडणार होती.

“प्रत्येक काचेवर पन्नास मोजायच्या असतात. मी पन्नास मोजल्या.”

“पहिल्या काचेवर पन्नास सापडायला किती वेळ लागला?”

“दहा मिनिटं.”

“शेवटच्या?”

अर्क घालून तासाभरानंतर घेतलेल्या त्या शेवटच्या काचेने तिची मान अवघडून टाकली होती. पाऊण तास शोधत होती ती...

“सर, तुम्हाला माझं यश बघवत नाही.”

आपण जास्त बोललो हे तिला कळलं. पण शब्द तिने मागे घेतला नाही.

ती तावातावाने पेशींची पुढची बशी धुवायला लागली; काचेवर घेण्याआधी तळाला चिकटलेल्या पेशी अशा धुऊन घ्यायच्या असत. धुवण बेसिनमध्ये ओतणार, तोच सरांनी हात आडवा घातला. निम्मं त्यांच्या बाहीवर सांडलं.

“हे ठेव.”

“हे तर फेकायचंच असतं!”

सर बाही पिळत निघून गेले.

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच तिने उरलेलं धुवण यंत्रात फिरवलं. तळाशी गाळ बसला. त्यात तिने निळा रंग घातला. मेलेल्या पेशींत शिरणारा रंग.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला...

निळ्या. सगळीकडे निळ्याच.

शनिवारी तिने सरांच्या टेबलावर वही आपटली.

“सोमवारचं नाव मागे घेतलं. अर्काने शंभरातल्या बहात्तर पेशी मरून धुवणात जातात. ज्या मुळात कमी तुटल्या होत्या, त्यांनाच मी बऱ्या झालेल्या म्हणत होते. झालं समाधान?”

“मग दे सोडून तो अर्क.”

“नाही सोडणार!”

सरांनी चष्मा काढला.

“विसावा हिस्सा अर्क घातला तर पेशी मरत नाहीत, आणि शेपूट तरीही थोडं आखडतं. थोडंच. ते खरं की भास, हे मी काढणार. तुम्ही माझे गाईड राहा नाहीतर राहू नका.” तिला धाप लागली होती. “आणि याच चाचणीवरच्या ज्या प्रबंधामुळे तुमचं नाव झालं, तो मी काल रात्री पुन्हा वाचला. धुवण मोजल्याचं त्यात एका ओळीनेही लिहिलेलं नाही. तोही मी तपासणार.”



सरांनी खण उघडला. त्या प्रबंधाच्या जुन्या वह्यांच्या कपाटाची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

“आधी तो तपास.”