पोवळीने उघडलेली खाडी

खाडीकाठच्या एका गावात पोवळी नावाची इवलीशी मुलगी आईबरोबर राहायची. भरतीचं पाणी मिठागरात शिरायचं, ऊन ते घोट घोट पिऊन टाकायचं आणि वाफ्यांत मिठाचे पांढरेशुभ्र, चमचमते खडे उरायचे. आई ते फावड्याने ओढायची. तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या, पण गावातल्या प्रत्येक पेजेला चव होती.

एके दिवशी गडावरच्या सरदाराने दवंडी पिटवली, "आजपासून समुद्र माझा!"

पाणी आत सोडायच्या दाराला, म्हणजे उघाडीला, त्याने भलंमोठं कुलूप ठोकलं. साठवलेलं मीठ गडावर नेलं. वाफे सुकले. मासळी सडू लागली, लोणच्याला बुरशी आली, घसा धरलेल्या पोरांना गुळण्यांपुरतंही मीठ मिळेना. मोठी माणसं मान खाली घालून गप्प बसली.

"मी नाही गप्प बसणार," म्हणत पोवळी भर दुपारी मिठागरात गेली. उघाडीचं कुलूप ओढून ओढून तिचे हात खरचटले, पण ते हललं नाही. तिथे शेवटच्या चिमुकल्या डबक्यात एक पिटुकली परी निपचित पडली होती. तिच्या स्फटिकाच्या पंखांत गुलाबी, निळे, सोनेरी किरण मंद मंद होत होते.

"पाणी..." परी पुटपुटली.

पोवळी बांध ओलांडून धावली. ओंजळीओंजळीने खाडीचं पाणी आणू लागली. खरचटलेले हात खाऱ्या पाण्याने झोंबले, तरी ती थांबली नाही. हळूहळू परीचे पंख लखलखले.

"पोवळे, एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण ती तुझ्या एकटीपुरती नको. आणि ज्याची तुला सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याच्यासमोर ती मोठ्याने बोलायची. कुजबुजलीस तर फुकट जाईल."

पोवळीने गडाकडे पाहिलं. "म्हणजे सरदारासमोर!"

"घाबरलीस?"

"घाबरले. पण जाणार."

घरी हे ऐकून आईने तिचा हात धरला. "बाय, नको गो जाऊस."

"आये, तूच चल ना संगती."

आईने फावडं खांद्यावर टाकलं आणि दोघी गड चढल्या.

पोवळीने कुलूप काढायला सांगताच सरदार हसला. "पोरी, गुपचूप घरी जा. तुला एकटीला पोतंभर मीठ देतो."

"नको मला!" पोवळी ओरडली. "हे बांध आमच्या पणज्यांनी डोक्यावर चिखल वाहून घातलेत. ऊन तुमचं नाही, वारा तुमचा नाही, समुद्र तर मुळीच नाही! माझी इच्छा आहे, खाडीचं पाणी सगळ्यांना मिळो!"

तिचा आवाज गडाखालीही ऐकू गेला. उघाडीच्या कुलपावर खारा गंज सरसर चढला आणि त्याचा भुगा झाला. पाणी खळखळत आत शिरलं.

"बंद करा ते दार!" सरदार गरजला.

पण शिपायांच्या घरीही जेवण अळणीच होतं. एकाने भाला खाली ठेवला. मग दुसऱ्याने. तोवर सारा गाव फावडी घेऊन बांधावर उभा राहिला होता. सरदार एकटाच ओरडत राहिला.

मायलेकी मिठागरात परतल्या, तेव्हा परीने पंख फडफडवले आणि वाफ्यावाफ्यांत टपोरे, झगमगते खडे उमलले. गावकऱ्यांनी सगळ्यात मोठा वाफा पोवळीला आणि तिच्या आईला दिला.

"परी, पुन्हा कुणी कुलूप लावलं तर?" पोवळीने विचारलं.

"तेव्हा तुला माझी गरज लागणार नाही," परी हसली आणि पांढऱ्या राशींवर लख्ख उजेड होऊन विरून गेली.

पोवळीने डोळे चोळले, मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला आणि फावडं उचललं.