टेकाईचं अर्धं निशाण

टेकडीवर ते निशाण दिसतंय ना? पाहुणे पहिल्यांदा म्हणतात, फाटलंय, बदलत का नाही. फाटलेलं नाही, विणतानाच अर्धं सोडलंय. वरचे पाच हात कापड, खालचे चार हात नुसते मोकळे धागे. टेकाई आमची गावदेवी, तिला असंच निशाण चालतं.

आमच्या टेकाईच्या पिंपरीत पूर्वी मागांच्या दोन आळ्या होत्या, कोष्ट्यांची आणि मोमिनांची. दोघंही विणकर. देवीचं निशाण मोमिनांनी विणायचं आणि पिराची चादर कोष्ट्यांनी, ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही. पहाटेपासून दोन्ही आळ्यांतले माग एका सुरात वाजत. माझ्या आजोबांनाही तो आवाज नुसता सांगोवांगी माहीत होता, तरी सांगताना ते मांडीवर मागाचा ताल धरायचे. मीही धरतो, खोटं कशाला बोलू.

मग म्हणे रायाजी देशमुखाचं आणि त्याच्या भावाचं वतनावरून बिनसलं. रायाजीला माणसं हवी होती. कर्तृत्व बेताचं, तेव्हा त्याने सोपी वाट धरली. परक्या हातचं निशाण देवीला बाटवतं, असं तो पारावर बसून सांगू लागला. त्याच सुमारास शहरातून एक मौलवी आला. कोष्ट्यांच्या हातची चादर पिराला चालत नाही, असं तो मोमिनांना सांगू लागला. दोघं एकमेकांना शिव्या घालत, पण दोघांचं एकमेकांवाचून पानही हलत नव्हतं. एकाने भडकवावं आणि दुसऱ्याने ‘बघा, मी सांगत नव्हतो?’ म्हणावं.

त्या वर्षी निशाण चांदबीच्या मागावर होतं. चांदबी विधवा, हात असा सफाईदार की कापडावरून पाणी ओघळावं. शेजारची सगुणा कोष्टीण तिची जिवाभावाची मैत्रीण. जत्रेला आठ दिवस उरले असताना रायाजीची माणसं काठ्या घेऊन मोमीन आळीत शिरली आणि गाव सोडा म्हणाली. गावातले बाकीचे लोक दारं लावून आत बसले. आमचे कोष्टीही बसले, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सांगताना लोक हे गाळतात. मौलवी पुढे आणि सात घरं मागे, असे ते निघाले.

निशाण पाच हात विणून झालं होतं. निघताना चांदबी म्हणाली, “सगुणे, जत्रेच्या दिवशी येते बघ मी. तवर कापू नको.” सगुणाने देवीची शपथ घेऊन शब्द दिला.

जत्रेचा दिवस उजाडला. सगुणा चांदबीच्या मागाशी वाटेकडे डोळे लावून बसली. दुपारी रायाजी स्वतः आला आणि उरलेलं तू विणून टाक म्हणाला.

“हात बदलला की कापडात पट्टा पडतो, देशमुख. तुम्हाला नाही, पण देवीला दिसंल.”

“मग तिचं सगळं उसवून नव्यानं वीण.”

“उभे धागेबी तिनंच लावल्यात. काय काय उसवू?”

वाळीत टाकीन, माग जाळीन, असं तो बरंच बोलला. सगुणा हलली नाही. पण दिवस कलला तरी चांदबी आली नाही, आणि मावळायच्या आत निशाण चढवलंच पाहिजे. तेव्हा सगुणाने रडत रडत कात्री घेतली आणि धागे पार टोकाशी कापले. अर्धं कापड, अर्धे धागे, तसंच ते गुरवाच्या हाती दिलं. रायाजी टेकडीवर पोचेतो गुरवाने ते चढवलं होतं.

चढलेलं निशाण वर्षभर उतरवायचं नाही, हा देवीचा दंडक. धर्माच्या नावाने गाव पेटवणाऱ्या रायाजीला तो मोडता येईना. वर्षभर म्हणे त्याने टेकडीकडे मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी सगुणाने मोजून पाच हात विणले आणि थांबली. उरलेलं चांदबीचं, म्हणाली. तेव्हापासून तीच रीत पडली. त्या सातही घरांचं पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही.

मागच्या निवडणुकीत एक पुढारी अखंड रेशमी निशाण घेऊन आला. गावाची ही लाज आता झाकू या, असं माईकवरून म्हणाला. आमची थोरली वहिनी गोदाक्का पुढे झाली. “चांदबी आली का तुमच्या गाडीतनं?” तिने विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “कोण चांदबी?” अक्काने त्याचं रेशीम घडी करून त्याच्या हातात परत ठेवलं.

आजही जत्रेच्या दिवशी आमच्या, म्हणजे सगुणाच्याच, घरची थोरली बाई दुपारी वेशीवर जाऊन उभी राहते. एसटी आली की उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघते. दिवस अगदी टेकला की परत येते, आणि मगच कात्री मागते.