एकशे तेरावा वासा

फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका टेकडीवर नऊ सिस्टरांचा ख्रिस्ती मठ होता. तिथल्या म्हाताऱ्या मदर प्रार्थनेसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. त्या डोळे मिटून बसल्या की नुसतं त्यांच्याकडे बघूनच बरं वाटतं, असं लोक म्हणत. आता लोक काय, काहीही म्हणतात, पण हे मात्र खरं होतं.

त्या मठात सुताराची मुलगी मार्सेलीन सिस्टर व्हायला आली. कामाला वाघीण, तोंडावर सदा हसू. पण प्रार्थनेला बसली की झालं! डोळे मिटले की झोप यायची आणि उघडले की नजर थेट छपराकडे जायची. लाकडात वाढलेली पोर, दुसरं काय बघणार? चॅपेलच्या, म्हणजे मठातल्या प्रार्थनाघराच्या दाराजवळ, अगदी मागे बसून ती वासे मोजायची.

मठाची एक रीत होती. नव्या मुलीचं वर्ष भरलं की तिने मदरबरोबर चॅपेलमध्ये तासभर गप्प बसायचं. मग मदर एवढंच विचारायच्या, "काय झालं?" त्या उत्तरावर मुलगी राहणार की घरी जाणार, ते ठरायचं.

मार्सेलीनला घरी जायचं नव्हतं. या मठावर तिचा जीव जडला होता. स्वयंपाकघरातल्या सिस्टरने तिला बाजूला घेतलं. "मोठा उजेड दिसला म्हणून सांग. मीही तेच सांगितलं होतं."

"आणि दिसला होता?"

"कुठला गं. माझा तर डोळा लागला होता."

मार्सेलीनचा तास आला तो नेमका सणाच्या आदल्या दिवशी. मदर पुढे बसल्या, ती मागे दाराजवळ. तिने मन लावायचा खूप प्रयत्न केला. एवढ्यात तिच्या मांडीवर बारीक भुगा पडला. तिने वर पाहिलं. दारावरचा वासा भुंग्याने पोखरला होता. उद्या याच दारातून गावची सगळी मुलं मेणबत्त्या घेऊन आत येणार होती.

तास संपला. मदरनी विचारलं, "काय झालं?"

उजेडाचं उत्तर अगदी ओठांवर होतं. पण वाशाचं सांगायचं, तर आपलं लक्ष छपराकडे होतं हेही सांगावं लागणार. मार्सेलीनने मांडीवरच्या भुग्याकडे पाहिलं आणि तिला रडू आलं.

"मदर, उजेड वगैरे काही दिसला नाही. मी वर्षभर वासे मोजतेय. एकशे तेरा आहेत, आणि दारावरचा कधीही पडेल."

"एकशे बारा आहेत," मदर म्हणाल्या.

"नाही मदर, एकशे तेरा."

मदर काठी टेकत दारापाशी आल्या आणि मान वर करून बघू लागल्या. "हा राहिलाच की. चाळीस वर्षं पुढे बसतेय, मला दिसणार कुठून?"

"म्हणजे तुम्हीही मोजता?"

"सुरुवातीला कित्येक वर्षं तेवढंच केलं. अजूनही मन पळतं. पळालं की हाक मारते, मग येतं परत. तू भुगा पाहिल्यावर काय केलंस?"

"देवाला म्हटलं, मला घरी जायचं नाही, पण हा वासा बघ. मला भीती वाटतेय. आता काय करू, तूच सांग."

"मग? काही बोलला तो?"

मार्सेलीनने डोळे पुसले. "ऐकू काही आलं नाही. पण मग मला खोटं बोलवेना."

मदर इतक्या मोठ्याने हसल्या की स्वयंपाकघरातली सिस्टर हातात डाव घेऊन धावत आली. "अगं, यालाच तर प्रार्थना म्हणतात," मदर मार्सेलीनला म्हणाल्या. "तू इथेच राहायचंस. आधी तुझ्या वडिलांना बोलावून आण."

सुताराने संध्याकाळपर्यंत नवा वासा बसवला. जुना खाली उतरवताना त्याच्या हातातच दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी मुलं गात गात त्याच दारातून आत आली, आणि सगळ्यात मोठा आवाज मार्सेलीनचा होता.

सण आटोपल्यावर स्वयंपाकघरातली सिस्टर मान खाली घालून मदरकडे गेली. "मदर, त्या वेळी मला उजेड-बिजेड काही दिसला नव्हता."

"माहीत आहे गं," मदर म्हणाल्या, "तू घोरत होतीस. पण आज बोललीस, बरं वाटलं."

तात्पर्य: देवापुढे मन सजवून न्यायची गरज नाही. आहे तसं त्याला सांगितलं, की प्रार्थना झाली.