एडक्याची पौर्णिमा

त्या राज्यात देव पायी चालत नसे आणि देवाशिवाय वाहनांना कुणी विचारत नसे. उत्सवात रोज संध्याकाळी देव वेगळ्या लाकडी वाहनावर बसून गावभर फिरे, आणि वाहनावर बसूनच महाद्वारातून आत जाई. शेवटच्या पौर्णिमेचा मान एडक्याचा. बुटका, वाकड्या शिंगांचा एडका त्या एका संध्याकाळसाठी वर्षभर जगायचा.

उत्सवाआधी सुतार प्रत्येक वाहनाला विचारी, "काय हवं?" जे मागाल ते मिळे. एकदा चढवलेलं मात्र पुन्हा उतरवत नसत. ते देवाचं झालं.

एका वर्षी सिंह म्हणाला, "मला पौर्णिमा हवी. असल्या दिवशी मेंढरू शोभतं होय?" सगळी वाहनं फिदीफिदी हसली. एडक्याची रवानगी अडगळीत, मशालींच्या मागे झाली. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण रडला नाही हो तो, डूख धरून बसला.

पुढच्या उत्सवाआधी तो सिंहाला गोड आवाजात म्हणाला, "महाराज, आयाळ जरा तोकडी वाटते." सिंहाने आयाळ वाढवून घेतली. नंतरच्या वर्षी एडका म्हणाला, "आयाळीआड देव झाकला जातोय, बैठक उंच करा." बैठक उंच झाली. मग पुन्हा आयाळ, पुन्हा बैठक.

"अरे, त्याचं भलं कशाला करतोस?" मोराने विचारलं.

"जीव आहे माझा त्यांच्यावर," एडका म्हणाला.

अखेर एका पौर्णिमेला मिरवणूक महाद्वाराशी अडली. देवाचा मुकुट कमानीला टेकला. भोई गुडघ्यांवर आले, तरी जमेना.

"कापा ती आयाळ!" कुणीतरी ओरडलं.

"देवाची आयाळ कापतोस? हात झडतील मेल्या!" एक म्हातारी कडाडली.

मग कुणाला तरी बुटका एडका आठवला. धूळ झटकून त्याला आणलं, देवाला त्याच्यावर बसवलं. आज कुणी हसलं नाही. सिंहाजवळून जाताना एडका हळूच म्हणाला, "पौर्णिमा तुमचीच, महाराज. देव तेवढा मी नेतो." काय गार वाटलं त्याच्या जिवाला! सिंह बाहेरच राहिला, आणि त्याच्या उंच बैठकीवर कावळे बसू लागले.

पुढच्या वर्षी सुताराने विचारलं, "काय हवं?" एडक्याने पौर्णिमा तर मागितलीच, वर मोराची संध्याकाळही मागून घेतली.

सुतार हत्यारं आवरू लागला, तेव्हा मोर एडक्याजवळ आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "महाराज, शिंगं जरा तोकडी वाटतात."

एडक्याने सुताराला परत हाक मारली.