शिडाचं पोट

फार फार जुन्या काळी, समुद्रावर होडीचा आवाज म्हणजे नुसता पाण्याचा आणि कापडाचा आवाज असे, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी माणसं सकाळी उठून आधी वारा बघत आणि मग एकमेकांची तोंडं. आता कोण बघतो वारा? पण ते असो. गोष्ट सांगायला बसायचं आणि कुरकुरत राहायचं, ही म्हातारपणाची खोड आहे. तिला आवर घालतो आणि पुढे सांगतो.

एका खाडीच्या मुखाशी, दोन तीरांना दोन गावं होती. ऐलगाव आणि पैलगाव. मुखावर भरती-ओहोटीबरोबर मासळीचे थवे येत. तिथे खुंट रोवून जाळी बांधली की टोपल्या भरत. पण चांगली जागा थोडी, आणि तिच्यावरून पूर्वी दोन्ही गावांत डोकी फुटली होती. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली.

नारळी पुनवेनंतर आठव्या दिवशी प्रत्येक गावाने एक होडी शिडावर सोडायची. वल्ह्याला हात लावायचा नाही. समुद्रातल्या बगळ्या खडकाला वळसा घालून जी होडी आधी परत येईल, तिच्या गावाने त्या वर्षी मुखावरची हवी ती जागा घ्यायची. हरलेल्याने उरलेल्या जागेवर भागवायचं. मात्र लागोपाठ तीन वर्षं जो हरेल, त्याने मुखावरचे आपले खुंट कायमचे उपटून न्यायचे. मग त्या गावाला मासळीसाठी खुल्या समुद्रात जाण्यावाचून गती नाही, आणि खुल्या समुद्रातून सगळेच परत येत नाहीत. ही शेवटची अट कधी कुणावर लागली नव्हती.

ऐलगावच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरच्या माणसांचा म्होरक्या, होता धाकू. त्याच्या आधी त्याचा बाप तांडेल होता. बापाने बारा वर्षांत आठ शर्यती जिंकल्या. लागोपाठ दोन जिंकला की तिसऱ्या वर्षी तो दोरी जरा सैल सोडतो, असं लोक कुजबुजत. खरंखोटं समुद्राला ठाऊक.

त्या होडीचं शीड गावात शिडं करणाऱ्या भानाच्या घरचं. जाड सुती पट्टे जोडून शिवलेलं आणि ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलेलं. ते वाऱ्याने भरलं की किनाऱ्यावरच्या बाया हातातलं काम टाकून बघत उभ्या राहत. पोरं ओरडत पाण्यात शिरत. काय ते दिवस! आठवले की अजूनही छातीत काहीतरी हलतं.

मग भाना गेला. पुढच्या वर्षी धाकूचा बापही गेला, आणि त्याच वर्षी एका वादळात शिडाची वरची बाजू अशी फाटली की ते पुन्हा चढवण्याजोगं राहिलं नाही. धाकूने ते घडी करून घरात उंचावर ठेवलं. दर पुनवेला तो त्याला हळदकुंकू वाही आणि हात जोडी.

नवं शीड करायची वेळ आली तेव्हा धाकू म्हणाला, "बापाच्या शिडाबरहुकूम करायचं. सुताचाही फरक नको."

त्यांनी जुनं शीड वाळूवर पसरलं. पण ते काही केल्या सपाट बसेना. कडा दाबल्या की मधे फुगे, मधे दाबलं की कडा उचलत. "जुनं झालंय, ढिलं पडलंय," असं म्हणून त्यांनी त्याच्यावर धोंडे ठेवले. दोघे गडी वर बसले. मग धाकूने शिंपल्याच्या धारेने कडेकडेने वाळूत रेघ ओढली. त्या रेघेच्या मापाने सरळ पट्टे जोडून नवं शीड शिवलं. रंगही तोच दिला. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बापच पुन्हा समुद्रावर निघालाय.

आणि होडी हरली.

गावाने कारणं शोधली. माणसाला कारणं शोधायला सांगितलं की तो आधी घराबाहेर शोधतो. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं नारळ वाहिला तो नासका होता. धाकूने होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नवे डोळे रंगवले, लिंबू बांधलं, आणि दुसऱ्या वर्षी आणखी भारी कापड आणून पुन्हा तशीच रेघ ओढून नवं शीड केलं. ती होडी आधीपेक्षाही मागे पडली. पैलगावची माणसं किनाऱ्यावरून ओरडली, "ऐलगावची होडी आली की हाक मारा रे, तोवर आम्ही जेवून घेतो!"

आता तिसरं वर्ष उजाडलं. शर्यतीला महिना राहिला होता. धाकूने जुनं शीड तिसऱ्यांदा वाळूवर पसरलं. रेघ ओढताना मागे कुठेतरी चूक झाली असणार, असं त्याला वाटत होतं.

जवळच भानाची बायको चांगुणा वाळत घातलेले बोंबील उलटत होती. म्हातारीची नजर अधू झाली होती. ती चाचपडत आली, वाकली आणि शिडावरून हात फिरवू लागली. हाताला धोंडा लागला तशी ती कडाडली.

"मेल्यांनो, याच्या पोटावर धोंडे कुणी ठेवले?"

"काकी, माप घेतोय," धाकू म्हणाला. "सपाट बसत नाही ते."

"बसायचंच नाही! सपाट बसावं म्हणून का आम्ही दोन महिने बोटं भोसकून घेतली?"

"आम्ही? शीड तर भानाकाकांनी केलं ना?"

"कापायचा तो. शिवायची मी. गावाला दोन नावं लक्षात ठेवायला जड जातं, त्याला मी काय करू?"

धाकू ओशाळला. चांगुणेने त्याला हात पुढे करायला सांगितला आणि कळशीतलं पाणी त्याच्या सपाट तळव्यावर ओतलं. पाणी चारी बाजूंनी वाहून गेलं.

"आता ओंजळ कर," ती म्हणाली. या वेळी पाणी राहिलं. "वाऱ्याचंही असंच असतं बाबा. सपाट कापडावरून तो घसरतो. शिडाला पोट असलं की तो त्यात भरतो आणि होडी ओढतो. तुम्ही शिडाची कड तेवढी नेलीत, पोट इथेच राहिलं."

"मग किती पोट ठेवायचं ते सांग, काकी. आजच कापड कापतो."

म्हातारीने शिडावरचा धोंडा बाजूला सारला. मग म्हणाली, "ते माप त्याच्याकडे होतं. कुठला पट्टा किती वाकडा कापायचा, कुठे दोन बोटं दुमडायचं, कुठे एकच. तो पट्टा हातात द्यायचा आणि म्हणायचा, शीव. आम्हाला वाटलं वेळ आहे, पुढे सांगेल, पुढे विचारीन. पण ते सगळं या शिडात आहे. शिवणी उसव. पट्टे सुटे झाले की माप हाताला लागेल."

धाकूचा चेहरा उतरला. "बापाचं शीड उसवू?"

"उसवल्याशिवाय कळायचं नाही."

"मग नको कळायला," असं म्हणून धाकूने शीड गोळा केलं आणि तो घरी निघून गेला.

पाच दिवस तो त्या शिडापाशी बसून राहिला. त्याच्या कापडाला अजून खारट वास होता. एका कोपऱ्याला बापाच्या हाताच्या तेलाचा डाग होता. बापाची तेवढी एकच वस्तू घरात उरली होती, आणि ती आपल्याच हाताने फाडायची? त्याला रडू येई. गावातली माणसं दारावरून जात, आत बघत आणि पुढे जात. मुखावरचे खुंट उपटायचे म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं.

सहाव्या दिवशी त्याची बायको सुंद्री पाट मांडता मांडता म्हणाली, "एक विचारू? मामंजी या शिडाला हळदकुंकू वाहत होते, की याच्यावर होडी हाकत होते?"

धाकू पाटावरून तसाच उठला. शीड खांद्यावर टाकून तो चांगुणेच्या अंगणात गेला.

पहिला टाका कापायला त्याला फार वेळ लागला. दहावा टाका कापेपर्यंत तो सावरला. पट्टा सुटा झाला, आणि धाकू बघतच राहिला. ज्याला तो सरळ समजत होता, त्या पट्ट्याची कड मधे हलकीशी फुगीर होती, दोन्ही टोकांना निमुळती. पुढचा पट्टा वेगळा, त्याच्या पुढचा आणखी वेगळा. तीन वर्षं त्याने या शिडाची पूजा केली होती आणि त्याला एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मग कोळशाने एकेका पट्ट्यावर खुणा केल्या. त्यावरून नवं कापड कापलं. गावातल्या बाया दाभणं घेऊन अंगणात जमल्या. चांगुणा मधे बसून एकेक शिवण बोटांनी चाचपे आणि चुकली की निर्दयपणे उसवायला लावी. खालचा एक कोपरा धाकूने स्वतः शिवला. त्यावर बोटं फिरवून ती हसली. "ही तांडेलाची शिवण. हिला चुण्या पडल्या आहेत. राहू दे, तेवढं वारा माफ करील."

शर्यतीच्या दिवशी वारा बेताचा होता. पैलगावचं शीड मोठं होतं. खडकापर्यंत त्यांचीच होडी पुढे राहिली. ऐलगावचे लोक किनाऱ्यावर घट्ट हात धरून उभे होते. खडकाला वळसा घातला तसा वारा बाजूने आला. पैलगावचं शीड फडफडलं, आणि त्यांची होडी तिरकी सरकू लागली. धाकूने दोरी आवळली. शीड एकदा हललं, मग हळूहळू भरलं आणि गोल झालं. दोरीने त्याच्या तळव्याला ओढ दिली. लहानपणी बापाच्या हातावर हात ठेवून त्याने हीच ओढ धरली होती. इतकी वर्षं बाप त्याला शिडाच्या घडीत सापडला नव्हता, तो आज दोरीत सापडला. धाकू मोठ्याने रडत होता आणि होडी हाकत होता.

ऐलगावची होडी दोन हातांच्या अंतराने आधी किनाऱ्याला लागली. खुंट राहिले.

गावाने चांगुणेला खांद्यावर घेतलं. एवढ्यात पैलगावचा तांडेल पाण्यातून चालत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "शीड बघू का जरा?"

ऐलगावची माणसं धाकूकडे बघू लागली. दाखवलं तर पुढच्या वर्षी हेच आपल्याला हरवतील, हे उघड होतं. धाकूने चांगुणेकडे पाहिलं.

"भानाबरोबर ही विद्या जाता जाता राहिली," ती म्हणाली. "आता एका घरात ठेवलीस, तर तुझ्याबरोबर जाईल."

धाकूने क्षणभर डोळे मिटले. मग तो घरी गेला आणि बापाच्या शिडाचे सुटे पट्टे घेऊन आला. निम्मे पट्टे त्याने पैलगावच्या तांडेलाच्या हातात ठेवले आणि उरलेल्यांचं माप उतरवून घ्यायला सांगितलं.

ते शीड पुन्हा कधी जोडलं गेलं नाही. पण त्या खाडीवर त्यानंतर जितकी शिडं उभी राहिली, ती सगळी त्या पट्ट्यांवरून कापलेली. कधी ऐलगाव जिंकलं, कधी पैलगाव. लागोपाठ तीन वर्षं मात्र कुणी हरलं नाही, आणि मुखावर दोन्ही गावांचे खुंट शेजारी शेजारी उभे राहिले.

म्हणून म्हणतो, वाडवडिलांची कला पुजून टिकत नाही; उसवून शिकली आणि दुसऱ्याच्या हाती दिली, तरच टिकते.