बासष्ट पायऱ्या आणि एक रांजण

फार जुन्या काळची ही गोष्ट. ती लहानांसाठी आहे, आणि त्याहून जास्त मोठ्यांसाठी.

समुद्राकाठी एक गाव होतं. गावामागे टेकडी, आणि टेकडीवर गावाचं चर्च. वर जायला बासष्ट पायऱ्या.

रविवारी घंटा वाजली की सारं गाव त्या पायऱ्या चढायचं. तरुण धावत चढायचे, म्हातारे बसत-उठत. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपली की तरुण धावतच उतरायचे. कुणाला होडीकडे जायचं असे, कुणाला बाजारात. म्हातारे मागे राहायचे आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचे. त्यांच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

गावात कैतान नावाचा एक म्हातारा नावाडी होता. मिठागरांच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, त्याचं एकट्याचं खोपट होतं. एकदा होडी ओढताना त्याचा पाय मोडला. चार रविवार त्याची चर्चमधली जागा रिकामी राहिली. पाचव्या रविवारी फादरांच्या ते लक्षात आलं.

फादर भले होते. त्यांना लाज वाटली. ते म्हणाले, “यापुढे जो म्हातारा माणूस मिस्साला येणार नाही, त्याच्या घरी आपण जायचं. आपल्याला पायऱ्या उतरता येतात.”

हे काम रेजीनाने अंगावर घेतलं. रेजीना विशीची होती. जिभेची तिखट, कामाला चपळ. म्हाताऱ्यांच्या पावलांनी चाललो तर आपलं आयुष्य पायऱ्यांवरच सरेल, असं तिला वाटायचं. मिस्साच्या वेळी ती वरच्या माळ्यावर गाणाऱ्यांत उभी असे. तिथून खालची सगळी बाकं दिसत. प्रत्येक म्हाताऱ्याची बसायची जागा ठरलेली. जी रिकामी दिसेल ती लक्षात ठेवायची, आणि दुपारी दोन मैत्रिणींना घेऊन त्या घरी जायचं. ताजा पाव न्यायचा, एक गीत म्हणायचं, तासभर बसायचं.

पहिल्या रविवारी त्या कैतानकडे गेल्या.

“पाव ठेव तिथे,” कैतान म्हणाला. “आधी माझा रांजण भर, बाय. इतके दिवस खुरडत गेलो, आता विहिरीपर्यंत जाववत नाही.”

तिघींनी रांजण काठोकाठ भरला.

“किती दिवस पुरेल, आजोबा?”

“जपून प्यायलो तर बारा दिवस. पण तुम्ही आठवड्याने येणारच की.”

“येणारच!” रेजीना म्हणाली.

आणि त्या आल्या. पुढच्या रविवारी, आणि त्याच्याही पुढच्या, आणि दर वेळी रांजण भरून गेल्या.

पण मग एक नवल घडू लागलं. चर्चमध्ये आणखी दोन जागा रिकाम्या दिसल्या. मग पाच. मग नऊ. कुणाची कंबर धरली होती, कुणाला चक्कर येत होती, कुणाच्या छातीत कळ. फादर बुचकळ्यात पडले. आजवर धडधाकट असलेले म्हातारे सेवा सुरू झाल्यावरच कसे आजारी पडू लागले?

रेजीनाने विचार केला नाही, वेग वाढवला. तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याचा पाव तास. गीताचं एकच कडवं उरलं. जवळची घरं आधी आणि लांबची मागून, म्हणजे दिवसात जास्त घरं होतील, असं तिने ठरवलं. एका रविवारी बारा घरं झाली, तोवर भरती चढली आणि मिठागरांतली वाट पाण्याखाली गेली.

“कैतान आजोबा राहिले गं,” मैत्रीण म्हणाली.

“बारा घरं झाली ना? एक राहिलं तर राहिलं. पुढच्या रविवारी जाऊ.”

पुढच्या रविवारी चौदा जागा रिकाम्या होत्या. त्यांत पहिल्या बाकावरची फिलू आजीची जागाही होती! गावात फिलू आजीची एकच ओळख होती: तिने आयुष्यात मिस्सा चुकवली नव्हती. फक्त मागच्या महिन्यात एकदा, तापाने.

रेजीना तिच्या घरी पोचली तेव्हा आजी हनुवटीपर्यंत चादर ओढून पडली होती.

“गुडघे गेले गं पोरी,” आजी कण्हली. “उठवत नाही.”

रेजीनाने पाव ठेवायला चुलीकडे पाहिलं. चुलीवर मासळीचं कालवण रटरटत होतं. चार माणसांचं. कोपऱ्यात ताज्या खवल्यांचा ढीग. आणि चादरीतून आजीचे पाय बाहेर आले होते. पायांत वहाणा होत्या.

“आजी,” रेजीना म्हणाली, “मासळी बाजारातून चालत आली का?”

आजीने पाय चादरीत ओढून घेतले.

“तू सोंग करतेस! सकाळी बाजारात गेलीस, आणि चर्चला यायला गुडघे नाहीत? इथे आम्ही धावून धावून मरतोय!”

आजी उठून बसली. तिला उठायला काहीच त्रास झाला नाही.

“हो, केलं सोंग. चाळीस वर्षं बासष्ट पायऱ्या चढले. कुणी कधी विचारलं का, फिलू, कशी आहेस? एकदा ताप आला, घरी राहिले, तर तुम्ही तिघी आलात. गीत म्हटलंत, हसलात, उशिरापर्यंत बसलात. मग मी म्हटलं, वर गेलं की मी एकटी आणि खाली राहिलं की आम्ही चौघी. आता तूच सांग, मी कुठे जायचं?”

रेजीना पुन्हा उसळली. “मग तसं सांगायचं ना! तोंड होतं की तुला.”

“माझ्याशी बोला म्हणायची लाज वाटते गं.”

“आणि आजारी आहे असं खोटं सांगायची वाटत नाही? आमची घरं किती वाढली ठाऊक आहे? चौदा! मागच्या रविवारी तर कैतान आजोबांकडे जायलाच...”

ती बोलता बोलता थांबली. रांजण बारा दिवसांचा होता. आज चौदावा होता.

ती पाण्याची कळशी उचलून धावत सुटली. मैत्रिणी मागोमाग. आणि मैत्रिणींच्याही पुढे, वहाणा हातात घेऊन, चिखल तुडवत फिलू आजी.

खोपटात कैतान जमिनीवर पडला होता. रांजण आडवा झाला होता. त्याच्या तळाची ओल टिपून घेतलेलं फडकं कैतानच्या मुठीत होतं, तेही आता कोरडं. ओठ फुटले होते. फिलू आजीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने थेंब थेंब पाणी घातलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“आलात?” तो पुटपुटला. “मला वाटलं, मी बरा झालो असं समजून तुम्ही यायचं बंद केलंत.”

रेजीनाने आडवा रांजण उभा केला आणि कळशी घेऊन ती विहिरीकडे धावली.

पुढच्या रविवारी फिलू आजीने घरोघर जाऊन सगळ्या म्हाताऱ्यांना पायऱ्या चढायला लावल्या. मिस्सा संपली आणि रेजीना सगळ्यांसमोर उभी राहिली.

“कैतान आजोबांना मी तहानेलं ठेवलं,” ती म्हणाली. “मला जास्त घरं करायची होती. आणि तुम्ही, आजी-आजोबांनो! तुम्हाला आम्ही हवे होतो तर हाक मारायची होती. तुम्ही दुखण्याचं सोंग काढलंत, आणि ज्याचं दुखणं खरं होतं तो मागे पडला.”

मागच्या बाकावर एक म्हातारा खोकला.

“आता खोकू नका,” रेजीना म्हणाली.

फादर हळूच म्हणाले, “चूक माझ्यापासून सुरू झाली. जे येत नाहीत त्यांच्याकडे जा, असं मी सांगितलं. जे येतात त्यांच्याशी बोला, हे सांगायचं राहून गेलं.”

त्या दिवसापासून पायऱ्यांवरून कुणी धावत उतरलं नाही. प्रत्येक तरुणाच्या हाताला एकेक म्हातारा असे. बासष्ट पायऱ्या उतरायला तास लागे, आणि त्या तासात टेकडीवर थट्टा चाले, भांडणं चालत, मासळी कशी शिजवावी यावर वाद होत. बाकं पुन्हा भरली. रिकामी जागा दिसली, तर ती खरोखर आजाऱ्याचीच असे.

कैतान वाचला. पण पैलतीराला हाक घालणारा त्याचा मोठा आवाज पुन्हा कधी आला नाही. त्याचा रांजण भरायला दर रविवारी रेजीना जाई, आणि दुसरी कळशी घेऊन फिलू आजी. आजी फार हळू चाले. रेजीना अजूनही भराभर पुढे जाई, बांधावर थांबे, वैतागून पाय आपटे, आणि आजी येईपर्यंत उभी राही.

बोध: जो समोर आहे त्याची विचारपूस करा आणि जे हवं आहे ते सरळ मागा, नाहीतर दोघांच्या चुकीपायी तिसराच तहानेला राहतो.