पळसखोपचं औषधपाणी

पळसखोपात चिंधू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं तो खरोखर करायचा.

त्याच्या यमुनाआत्याचं टेकाडावर कोंबड्यांचं शेड होतं. टेकाडाखाली गावाची विहीर. आत्याने चिंधूला कामाला ठेवलं, पांढऱ्या भुकटीचं पोतं दाखवलं आणि ही रोज कोंबड्यांच्या पाण्यात मिसळायची म्हणून सांगितलं.

"आजारी कोण आहे?" चिंधूने विचारलं.

"कुणी नाही. दुखणं नसलं तरी द्यायचं. अंग धरतात."

चिंधूने ते डोक्यात पक्कं बसवलं. दुपारी पोस्टमन निवृत्तीअण्णा आले. माणूस काडीसारखा. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. चिंधूने तांब्यात चांगली चमचाभर भुकटी ढवळून आणली. अण्णांनी घोट घेतला आणि अंगणभर थुंकत सुटले.

आत्याने कपाळाला हात लावला. कोंबड्यांचं औषध कधी माणसाच्या पोटात जातं का, असं ती बडबडली. ते कसं जातं हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिने चिंधूला शेड झाडायला लावलं. घाण टेकाडाखाली लोटायची, नजरेआड झाली की काम झालं.

चिंधूने घाण लोटली. तेवढ्यात सरपंच अंडी न्यायला आले. त्यांच्या वहाणा चिखलाने भरलेल्या, त्या त्यांनी बाहेर काढल्या. चिंधूने घाण पाहिली आणि वहाणाही लोटल्या. सरपंच अनवाणी घरी गेले.

टेकाडाखाली ढीग वाढत चालला. पाऊस झाला की त्याचे ओघळ विहिरीकडे जायचे. जनावरांचे डॉक्टर एकदा आले तेव्हा म्हणाले, ताजं खत असं उघड्यावर लोटू नका, जमिनीत घालायचं ते आधी कुजवायचं. आत्याने मान हलवली आणि विसरून गेली. चिंधू विसरला नाही.

आत्याने त्याला वाफ्यात कांद्याचं बी टाकायला पाठवलं. त्याने सगळं बी शेणाच्या पाण्यात भिजत घातलं, वर पोतं झाकलं आणि रोज वास घेऊन पाहू लागला. काही दिवसांनी आत्याने विचारलं, "बी उगवलं का रे?"

"अजून कुजायचंय," चिंधू म्हणाला.

आत्याने पोतं उचलून पाहिलं, तर सगळं बी नासलेलं. बियात जीव असतो, तो पाण्यात घालून मारायचा नसतो, कोरडा ठेवायचा, असं तिने रडवेल्या आवाजात समजावलं. चिंधूला फार वाईट वाटलं. जीव कशाकशात असतो याचा त्याने नीट विचार केला. दुसऱ्या दिवशी आत्या बाजाराला गेली तेव्हा त्याने शेडमधली पाण्याची भांडी एकूण एक पालथी घातली.

आत्या परतली तर कोंबड्या चोची वासून पडलेल्या. दोघे बादल्या घेऊन धावले. कोंबड्या वाचल्या, पण त्या धावपळीत चिंधूचा पाय पत्र्याने कापला.

जखम साधी होती, पण भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, गुण नाही. त्यांना नवल वाटलं. गावातल्या बऱ्याच जणांच्या जखमा असल्या गोळ्यांना दाद देत नव्हत्या. त्यांनी जालीम गोळ्या दिल्या. ठणका थांबल्यावर चिंधूने त्या सोडल्या आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. तो वेदनेने कण्हत होता. बाई त्याच्याजवळ बसून म्हणाल्या, "औषध अर्ध्यावर सोडायचं नाही, चिंधू. सोडलं की दुखणं दुप्पट होतं."

या वेळी त्याने ऐकलं. पाय बरा झाला. इतकं खरं बोलणं आपल्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, असं त्याला वाटलं.

बाईंच्या मनातून मात्र ते नवल जाईना. त्यांनी विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं. पाठोपाठ आरोग्य खात्याचे साहेब आले. त्यांनी गाव गोळा केलं. कोंबड्यांना दिलेलं औषध विष्ठेतून मातीत आणि मातीतून विहिरीत उतरलंय, म्हणाले. सगळं गाव नकळत थोडं थोडं औषध पितंय, आणि रोगाचे जंतू त्याला सरावलेत.  यमुनाआत्याने त्याच दिवशी घाण लोटणं बंद केलं आणि पोत्याचं तोंड बांधलं. विहिरीला कुलूप लागलं. सकाळपासून टँकर येईल असं ठरलं.

चिंधू घरी आला. गावाचं औषध एकदम बंद होणार होतं. निवृत्तीअण्णांचा पाय, सरपंचांचा पाय, आत्याचा पाय, सगळे भोपळ्यासारखे सुजलेले त्याला दिसू लागले. त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी टँकर आला. सरपंचांनी चिंधूला सांगितलं, वर चढ, पाणी पुरेसं आहे का बघ आणि सगळ्यांना सारखं मिळेल असं कर. चिंधू पाठीवर ओझं घेऊन वर चढला. हंडे भरले, घागरी भरल्या. लोक घटाघटा प्यायले. साहेबांनीही ओंजळभर घेतलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"या पाण्याला चव कसली?"

"सगळ्यांना सारखं मिळतंय, साहेब," टँकरवरून रिकामं पोतं झटकत चिंधू म्हणाला. "विहिरीत तर नुसता वास होता."